दौरेवाले बाबूजी

घरातलं कुणीही "बाबा, एक सांगायचं होतं" असं म्हणालं, की आमचे सासरे आधी आपलं डावं मनगट उजव्या हाताच्या बोटांत धरायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावायचे आणि मग म्हणायचे, "हां, बोल आता." सांगणाऱ्याचं सांगून झालं की निकाल यायचा, पण तो सांगितलेल्या गोष्टीचा नसायचा, त्यांच्या स्वतःच्या नाडीचा असायचा. निकाल तीनच प्रकारचे होते: "ठीक आहे", "वाढून राहिली" आणि "गेली". आकडा त्यांनी जन्मात कधी सांगितला नाही. सांगणार कुठून, त्या घड्याळाला सेकंदकाटाच नव्हता.

मी मूळचा नागपूरचा. बँकेच्या बदलीने जबलपूरला आलो, तिथे शेजारच्या टेबलावर प्रज्ञा बसायची, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. तिच्या घरी विचारायला गढ्यात, म्हणजे जबलपूरच्या जुन्या भागात, गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासून मनात वाक्यं घोकत होतो. जय भीम झाला, पाणी झालं, आणि "काका, एक सांगायचं होतं" एवढंच मी म्हटलं तर समोरच्या माणसाने मनगट धरून डोळे वर केले. मला वाटलं, संपलं; मुलगी मागायला आलो आणि बापाचा जीव घेतला. मी पाणी आणायला उठलो तसा आतून आवाज आला, "बसा जी तुम्ही. त्यांचं असंच असते." सासूबाईंशी माझी ही पहिली ओळख. मी बोललो. मग निकाल आला, "मुलगा बरा वाटते. पण वाढून राहिली." मी तोंड पाडून बाहेर पडलो, तर प्रज्ञा फाटकापाशी हसत उभी. "गेली असं तर नाही म्हणाले ना," ती म्हणाली, "मग झालं."

लग्नानंतर मी आमच्या विदर्भाच्या रीतीने त्यांना मामाजी आणि सासूबाईंना मामीजी म्हणू लागलो. ते मला जवाईबापू म्हणायचे. हा मानाचा शब्द आधी ठेवायचा आणि मग पुढच्या वाक्यात माझी बिनपाण्याने करायची, ही त्यांची पद्धत. गल्ली मात्र त्यांना दौरेवाले बाबूजी म्हणायची, आणि त्या नावामागे माझ्या बायकोचा हात होता.

मामाजी शेतकी खात्यात होते. पनागरकडची गावं त्यांच्याकडे. महिन्यातून चारपाच वेळा पिकं बघायला निघावं लागायचं. ऑफिसातून निरोप आला की मामीजी घरात जाहीर करायच्या, "बाबांना दौरा आला." मराठी घर, सरकारी नोकरी, त्यात कुणाला काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं. प्रज्ञा तेव्हा शाळेत खालच्या वर्गात होती. पालकांच्या सभेला वडील काहून आले नाहीत असं बाईंनी विचारलं, तर हिने मराठी वाक्य जसंच्या तसं उचलून हिंदीत ठेवलं, "पापा को कल अचानक दौरा आ गया." आता हिंदीत दौरा येणं म्हणजे काय, तर फिट येणं, नाहीतर हृदयाचा झटका. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, डब्यातला लाडू दिला, आणि दुसऱ्या दिवशी दोन बाया मोसंब्यांची पिशवी घेऊन गढ्यात हजर झाल्या.

मामाजी नुकतेच पनागरहून परतून, हातपाय धुऊन जेवायला बसले होते. चार पोळ्या झाल्या होत्या, पाचवी ताटात होती. बाई म्हणाल्या, "बाबूजी, आप आराम कीजिए, उठिए मत." मामाजींना वाटलं, काय भले लोक आहेत, बसच्या धक्क्यांची विचारपूस करून राहिले. ते म्हणाले, "अरे नहीं जी, अब तो आदत हो गई. महीने में चार-पाँच बार आता ही है." बाई हादरल्या. "चार-पाँच बार?" "मार्च में तो और ज़्यादा आता है," मामाजी पोळी मोडत म्हणाले, "ऊपर से ही आता है, हम क्या करें." दुसऱ्या बाईंनी छताकडे पाहून डोळे पुसले. खुलासा व्हायला बराच वेळ लागला. मोसंबी तेवढी राहिली, आणि नावही राहिलं.

मामाजींचा एक सिद्धान्त होता, आणि तो ऐकल्याशिवाय त्या घरात कुणाला चहा मिळत नसे. "माणसाचं हृदय आपल्या जागी चांगलं मजबूत असते जी," ते सांगायचे. "पण पोरं झाली की त्यात भाडेकरू शिरतात. खाली करत नाही, आणि रोज भिंतीत खिळे ठोकतात." मोठी प्रज्ञा आणि धाकटा मिलिंद, असे दोन भाडेकरू. प्रज्ञाने पहिला खिळा कुठे ठोकला, मिलिंद पहिल्यांदा सायकलवरून पडला तो कुठे, हे मामाजी छातीवर बोट ठेवून दाखवायचे. माझ्या लग्नाची जागा डाव्या बाजूला, बरगडीच्या जरा खाली होती. "इथं तुम्ही आहात, जवाईबापू," ते म्हणायचे, "पाऊस आला की दुखते." मिलिंदने इंजिनिअरिंगनंतर लागलेली नोकरी सोडून लग्नांचं शूटिंग करायला ड्रोन घेतला, त्या आठवड्यात तर घरात दुसरा विषय नव्हता. ड्रोन लग्नात नाही, माझ्या छातीवर उडून राहिला, हे त्यांनी दुधवाल्यालासुद्धा सांगितलं.

मामीजींना हा सिद्धान्त अजिबात मान्य नव्हता. त्या भाजी निवडत, वर न बघता, उलटी बाजू मांडायच्या. "सांगू काय जवाईबापू, ह्यांच्या तोंडात दिवसभर तंबाखू असे. मी लाख बोलली, आईंनी डोकं फोडून घेतलं, काही फरक नाही. प्रज्ञा झाली आणि हे पापा घ्यायला वाकले की पोरगी तोंड फिरवून रडे. चार दिवस रडली. पाचव्या दिवशी ह्यांनी डबी नाल्यात टाकली. आणि बाजारातल्या कमानिया गेटवरून खोव्याची जलेबी आणत, ती आधी रस्त्यातच संपे. मी फक्त कागद पाहिला आहे जी, जलेबी नाही. पोरं झाल्यावर दोघांना वाटून ह्यांच्या वाट्याला एक तुकडा येऊ लागला. पोरं नसती तर ह्यांचं हृदय कधीच बसलं असतं." मग दोघंही माझ्याकडे बघायचे, मी न्यायाधीश असल्यासारखे. जावयाने असल्या वेळी काय करायचं असतं ते मी करायचो, म्हणजे आणखी एक पोळी मागायचो.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मामाजींनी त्याबद्दल मला एका शब्दाने कधी विचारलं नाही, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. मग एकदाचे प्रज्ञाला दिवस गेले. तिने सांगितलं तेव्हा मामाजी मनगट धरायचं विसरले. सातव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं, पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलं, पडून राहायला सांगितलं आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला कसलाही धक्का बसता कामा नये, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे." पहिलं बाळंतपण माहेरी, ह्या रिवाजाने ती गढ्याला आली, आणि मीही बँक सुटली की तिथेच.

त्याच सुमारास मामाजींना जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होऊ लागलं. मामीजींनी आधी गॅस ठरवून ओवा दिला. मग मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाबूजी, टेंशन कितना है?" मामाजी म्हणाले, "दो." डॉक्टरांना कळलं नाही. "एक बेटी, एक बेटा," मामाजींनी खुलासा केला. डॉक्टर हसले, पण ईसीजीची पट्टी बघून हसू थांबलं. अँजिओग्राफी लगेच करून घ्या, उशीर करू नका, असं त्यांनी बजावलं. मामाजी बाहेर येऊन मला म्हणाले, "प्रज्ञा मोकळी होऊ द्या, मग करू. आणि तिला एक शब्द सांगायचा नाही." मी वाद घातला, मामीजी रडल्या, मिलिंदने पाय धरले. सगळ्यांना एकच उत्तर, "आधी ती मोकळी होऊ दे." आयुष्यभर नाडी धरून बसणारा माणूस, खरंच नाडी बघायची वेळ आली तेव्हा हात मागे घेऊन बसला. मला राग आला होता त्यांचा, आजही येतो.

मे नुकताच लागला होता. रविवारी सकाळी मामाजी आणि मिलिंद बाळासाठी मऊ कापड आणायला कमानिया गेटकडे गेले. मी प्रज्ञाच्या खाटेशेजारी आंबा कापत बसलो होतो. फोन वाजला, तिनेच उचलला. पलीकडे मिलिंद. त्याला मराठी कळते सगळी, बोलताना मात्र अर्धी वाट हिंदीची. मी इकडून प्रज्ञाचंच ऐकत होतो. "काय म्हणतो? बाबांना दौरा आला?" ती हसली. "अरे, रिटायर माणसाला कोणता दौरा?" मग ती जरा थांबली. "अच्छा," म्हणाली. "चलो, ठीक आहे. जीजाजींशी बोल." आणि फोन माझ्या हातात देऊन तिने उशी सरळ केली.

मिलिंद रडत होता. कापडाच्या दुकानातच मामाजी कोसळले होते, तो त्यांना घेऊन दवाखान्यात पोचला होता. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती, आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द मला कानात ऐकू येत होते. मी मोठ्याने म्हणालो, "अच्छा, दौऱ्यावर? आजच? बरं, बरं, मी कपडे घेऊन येतो." असं धडधडीत खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो. स्वयंपाकघराच्या दारात मामीजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता मामाजींची जुनी दौऱ्याची पिशवी भरायला घेतली. खात्याने जुन्या माणसांना गावांच्या पाहणीसाठी परत बोलावलं आहे, गाडी दारात उभी होती, घरी यायलाही सवड मिळाली नाही, असं आम्ही दोघांनी मिळून प्रज्ञाला सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली आणि आंब्याची फोड तोंडात टाकली.

मामाजी त्या झटक्यातून वाचले. पण बायपास करावीच लागणार होती, म्हणून मिलिंद त्यांना नागपूरला घेऊन गेला. आता घरात रोज संध्याकाळी एक नाटक सुरू झालं. मामाजी दवाखान्याच्या पलंगावरून प्रज्ञाला फोन करायचे आणि दौऱ्याचं वर्णन करायचे. आज अमक्या गावी मुक्काम, पाटलांकडे जेवण, विहिरीचं पाणी गार. मागे कुठलं यंत्र टिक-टिक करत असलं तर ते पंपाचं इंजिन व्हायचं. सिस्टर ओरडली तर ती ग्रामसेविका व्हायची. प्रज्ञा सगळं ऐकून घ्यायची, "पाणी उकळून प्या, उन्हात फिरू नका" म्हणायची. फोन ठेवल्यावर आम्ही तिचं ब्लडप्रेशर बघायचो. ते चढलेलं असायचं, पण हाताबाहेर गेलेलं नसायचं.

ऑपरेशनच्या दिवशी फोन आला नाही. मामीजी सकाळपासून तांदूळ निवडत होत्या, निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या. मी चार वेळा अंगणात जाऊन मिलिंदला फोन लावला, आणि चारही वेळा तो "अभी अंदर ही हैं" म्हणाला. प्रज्ञा दिवसभर कुशीवर पडून होती. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "आज बाबांना रेंज नसेल." मी म्हणालो, "हो, तिकडे नसते." दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत फोन आला. मामाजींचा आवाज इतका बारीक, की मी शेजारी बसून कसाबसा ऐकला. "बेटा, इथं मटर लय छान आले आहेत. येताना पोतंभर आणतो." प्रज्ञाने डोळे मिटले. "आणा बाबा," ती म्हणाली, "मी सोलून ठेवीन."

आठ दिवसांनी आम्हाला मुलगी झाली, मैत्री. मुदतीच्या आधी आली, जरा बारकी, पण आवाज ठणठणीत. प्रज्ञाचं दोन दिवस कठीण होतं, मग ती सावरली. मामाजी परतले तेव्हा शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, मेच्या उन्हात. नातीला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "प्रज्ञा, तुला एक सांगायचं होतं. तो दौरा नव्हता." प्रज्ञा म्हणाली, "माहीत आहे बाबा. मिलिंद रडतो तर मला कळत नाही काय? आणि जन्मभर पनागरची पिकं पाहिली तुम्ही. मे महिन्यात मटर कुठून येतात?" मामाजींनी नातीवरून मान वर केली. "मग बोलली काहून नाही?" "तुम्ही सगळे माझ्यासाठी इतकं खोटं बोलून राहिले होते. मी घाबरून कसं चाललं असतं? फोन येऊन राहिला होता, तेवढं मला पुरे होतं." मामाजींनी माझ्याकडे मान वळवली. "जवाईबापू," ते म्हणाले, "तुमची बायको लय खोटारडी निघाली." आणि ते रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

बाळंतपणात ब्लडप्रेशर चढलेल्या बाईने पुढेही हृदय तपासून घेत राहावं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. प्रज्ञा दर वर्षी टाळायची. मैत्रीचे दात येऊ देत, मैत्रीची शाळा सुरू होऊ दे, मैत्रीचा खोकला जाऊ दे. एकदा मामाजी रिक्षा घेऊनच आमच्या दारात आले. "पोरीचं नाव पुढे करू नको," ते म्हणाले, "मी तुझं नाव पुढे केलं होतं, आणि मरता मरता वाचलो. चल, बस." त्यानंतर दर वर्षी तेच तिला घेऊन जायचे, बाहेर बाकावर बसायचे, आणि सगळं ठीक असलं की येताना जलेबी आणायचे. त्यातला त्यांचा तुकडा आता मैत्री खायची.

डॉक्टरांनी त्यांनाही रोज चालायला सांगितलं होतं. स्वतःच्या हृदयासाठी मामाजी फाटकापर्यंतसुद्धा गेले नसते. पण आम्ही दोघं बँकेत, मैत्री दिवसभर गढ्याला, आणि तिची शाळा बाजाराच्या पलीकडे. तिला सोडायला आणि आणायला ते जाऊ लागले. रस्त्यात तिला प्रत्येक दुकानाचं नाव हिंदीत वाचायला लावायचे आणि अर्थ मराठीत विचारायचे. ती चुकली की खूश व्हायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र पायच उचलायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, मामाजी, चला, फिरून या, ते म्हणायचे, "आज शाळा कुठं आहे?"

यंदा उन्हाळ्याची सुट्टी लागून थोडेच दिवस झाले होते. मामाजी दुपारी जेवून, कूलरसमोर चटई टाकून झोपले आणि उठले नाहीत. मी पोचलो तेव्हा मामीजी त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. मला वाटलं होतं मी सांभाळून घेईन, जावई माणूस, धावपळ करायला हवी. पण मीच उंबऱ्यावर बसून रडलो, आणि मिलिंदने मला पाणी दिलं. मामीजी पदराने त्यांचं कपाळ पुसत एवढंच म्हणाल्या, "शाळा चालू असती तर हे गेले नसते. तिला सोडायचं होतं ना." मिलिंद काही समजावणार होता, डॉक्टर काय म्हणाले वगैरे. मी त्याला थांबवलं.

जून उजाडला, शाळा उघडली. मैत्रीला आता मीच सोडायचं ठरवलं होतं, बँकेत तासभर उशिरा जायची सोयही करून ठेवली होती. मैत्री सुट्टीपासून आजीकडेच राहत होती; पहिल्या दिवशी स्कूटर घेऊन गढ्याला पोचलो तर मामीजी चपला घालून फाटकापाशी उभ्या, खांद्यावर मैत्रीचं दप्तर. त्यांचे गुडघे इतके धरतात, की देवळापलीकडच्या दुकानात गेल्या तरी येताना रिक्षा लागते. मी म्हणालो, "मामीजी, काहून त्रास घेता, मी सोडतो ना." त्यांनी नातीचा हात घट्ट धरला.

"तुम्ही बँकेत जा जी, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "मला जगायचं आहे अजून."